फ्लोअरचा निर्णय कागदावर का नको?

भिवंडीजवळच्या शेलारमध्ये माझे साधे यंत्रमाग आहेत, गावच्या कबड्डी मंडळाच्या यादीत माझं नाव आहे, आणि अधूनमधून गोव्याला जाऊन मी पोकरच्या स्पर्धा खेळतो. यातली तिसरी गोष्ट आमच्या घरात मोठ्याने बोलली जात नाही. वाडा रोडवरच्या चहावाल्याला मात्र ती पक्की ठाऊक आहे, म्हणजे गावाला ठाऊक आहे. पोकर खेळावा की नाही, या वादात मला शिरायचं नाही. खेळू नये म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी वडिलांकडून पुष्कळ ऐकलं आहे आणि त्यातलं बरंचसं मला पटतंही. माझं म्हणणं वेगळं आहे. लोक पैसे भरून, पावती घेऊन, एखाद्या राज्याने परवाना दिलेल्या जागेत जेव्हा स्पर्धा खेळतात, तेव्हा तिथे झालेल्या तंट्याचा निकाल कुणी, कशाच्या आधारावर दिला, हे कागदावर असलं पाहिजे. आज ते नसतं.

गोव्यात मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर एकाच रात्री दिलेल्या दोन निकालांनी मला हे लिहायला लावलं. जागेचं नाव देत नाही. असं इतरत्रही होतं, आणि मला एका घराशी भांडायचं नाही.

पहिला प्रसंग आमच्याच टेबलावरचा. बेळगावकडचे एक शांत गृहस्थ माझ्या डावीकडे होते. औषधांचं दुकान चालवतात, स्पर्धेला बसले की पाण्याशिवाय काही घेत नाहीत. समोरच्या तरुणाने 'ऑल-इन' म्हटलं, म्हणजे आपल्याजवळच्या सगळ्या चिप्स लावल्या. गृहस्थांनी डीलरला विचारलं, किती आहेत? डीलरने ढीग ओढून न मोजता नजरेनेच हिशेब केला आणि सांगितलं, एकेचाळीस हजार. गृहस्थांनी थोडा विचार केला आणि ते 'कॉल' म्हणाले, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावायला तयार झाले. पत्ते उघडले. यांच्याकडे दश्शांची जोडी, त्याच्याकडे राजांची. राजे टिकले. मग चिप्स मोजायला घेतल्या तेव्हा हजार-हजारच्या थप्प्यांमागून पंचवीस हजारांच्या दोन चिप्स निघाल्या. एकूण एक्याण्णव हजार.

यांच्याजवळ होत्या पंचाण्णव हजार. एकेचाळीस द्यायचे असते, तर चोपन्न हजार उरले असते आणि माणूस स्पर्धेत राहिला असता. एक्याण्णव द्यायचे तर चारच हजार उरतात, आणि त्या वेळी ब्लाइंड, म्हणजे पाळीपाळीने सक्तीने लावायच्या चिप्स, हजार-दोन हजारांचे होते. म्हणजे एक-दोन डावांत खुर्ची रिकामी.

फ्लोअरला बोलावलं. न खेळणाऱ्यांसाठी सांगतो: पोकरच्या स्पर्धेत टेबलावर डीलर पत्ते वाटतो, आणि तंटा झाला की सभागृहात फिरणारा अधिकारी येऊन निकाल देतो. त्यालाच फ्लोअर म्हणतात. फ्लोअर आला, डीलरचं ऐकलं, म्हणाला, "पूर्ण रक्कम," आणि निघून गेला. गृहस्थ त्याच्या मागे दोन पावलं गेले, परत येऊन बसले, आणि पुढच्याच डावात संपले.

दुसरा प्रसंग थोड्याच वेळाने शेजारच्या टेबलावर घडला. तिथे ऑल-इन लावणाऱ्याच्या पंचवीस हजारांच्या दोन्ही चिप्स सगळ्यांत पुढे, दिव्याखाली, अगदी दिसतील अशा होत्या. मागे अठरा हजारांची रांग. डीलरने घाईत फक्त रांग मोजली आणि अठरा हजार सांगितलं. कॉल करणारा त्या जागेचा रोजचा, मोठं खेळणारा, वेटरपासून व्यवस्थापकापर्यंत सगळे ज्याला नावाने हाक मारतात असा. तो हरला. खरी रक्कम अडुसष्ट हजार. इथे दुसरा फ्लोअर आला आणि म्हणाला, चूक डीलरची आहे, खेळाडूने अठराचं ऐकून कॉल केला, अठराच द्यावेत.

आता नियम काय सांगतो ते पाहा. जगभरातल्या बहुतेक स्पर्धा ज्या नियमावलीवर चालतात, ती टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन या संघटनेची आहे. मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम्ब यांनी 2001 मध्ये ही संघटना सुरू केली. त्याआधी प्रत्येक कॅसिनोचा कायदा वेगळा होता. एका गावात शिकलेला खेळाडू दुसऱ्या गावात दंड खायचा. आज ही नियमावली कुणालाही फुकट वाचता येते आणि दर दोन-तीन वर्षांनी तिची उजळणी होते. तिच्यात अशा प्रसंगासाठी स्पष्ट कलम आहे. समोरच्याने किती लावले आहेत हे नीट पाहण्याची जबाबदारी कॉल करणाऱ्याची. डीलरने किंवा दुसऱ्या कुणी चुकीचा आकडा सांगितला आणि त्यावर विसंबून त्याने कॉल म्हटलं, तरी खरी पूर्ण रक्कम त्याने मान्य केली असं धरायचं.

कठोर वाटतं ना? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण त्यामागे कारण आहे. कॉल करणाऱ्याला नंतर 'मला चुकीचं सांगितलं' म्हणून मागे फिरता आलं, तर जिंकताना गप्प बसायचं आणि हरताना आकड्यावर बोट ठेवायचं, हा धंदाच सुरू होईल. म्हणून नियमाने तो दरवाजा बंद केला.

मात्र त्याच नियमावलीचं पहिलं कलम म्हणतं की खेळाचं हित आणि न्याय सगळ्यांत वर. अपवादात्मक परिस्थितीत फ्लोअरने तांत्रिक नियमापेक्षा न्यायाला धरून निकाल द्यावा. आणि आणखी एक कलम म्हणतं की मोठ्या किमतीच्या चिप्स कायम इतरांना दिसतील, ओळखू येतील अशाच ठेवल्या पाहिजेत.

ही तीन कलमं शेजारी ठेवली की माझं मत सरळ आहे. बेळगावच्या गृहस्थांच्या बाबतीत पन्नास हजार थप्पीमागे दडलेले होते. दडवणाऱ्याने मुद्दाम केलं असेल किंवा नसेल, पण नियम त्याने मोडला होता आणि त्याचा फायदा त्यालाच मिळाला. पहिलं कलम जर कधी वापरायचं असेल, तर ते इथे. एकेचाळीस हजारच द्यायला हवे होते. शेजारच्या टेबलावर मात्र मोठ्या चिप्स उजेडात होत्या. डोळे उघडे ठेवले असते तर दिसल्या असत्या. तिथे कठोर नियम लागू व्हायला हवा होता, पूर्ण अडुसष्ट. झालं बरोबर उलटं. जिथे दयेला जागा होती तिथे नियम आला, आणि जिथे नियम हवा होता तिथे दया आली. दया आली तीही ओळखीच्या माणसावर.

ओळखीमुळेच आली, असं मी म्हणत नाही. दोन वेगळे फ्लोअर होते, दोघांची समज वेगळी असेल. पण निकाल तोंडी होता, कारण सांगितलं नव्हतं, कलमाचा क्रमांक नव्हता. त्यामुळे ओळखीमुळे नाही आली हेही कुणाला सिद्ध करता येणार नाही, खुद्द त्या फ्लोअरलाही नाही. कागद त्याच्याही कामाचा आहे, हे मला त्याला सांगायचं होतं. तो घाईत होता.

आमच्या धंद्यात व्यापारी ताग्यात दोष निघाला म्हणून बिलातून पैसे कापतो, तेव्हा भांडण होतंच. पण तागा टेबलावर पसरतात, भिंग ठेवून इंचातले धागे मोजतात, दोषाच्या जागी खूण करतात आणि मग कापतात. पटलं नाही तरी निदान कशासाठी कापले ते दिसतं. पोकरमध्ये खूण करायचं कुणी मनावरच घेतलेलं नाही.

कुणी म्हणेल, हा खेळच असला, इथे कसला न्याय मागता? मग कबड्डीकडे बघू, तो तर आपल्या मातीचा. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण पुरुषांचा अंतिम सामना होता. आमच्या मंडळाची पोरं मोबाइलभोवती गोळा झालेली. 28-28 अशी बरोबरी, दीडेक मिनिट शिल्लक, आणि पवन सेहरावत चढाईला गेला. कुणालाही न शिवता तो लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाप्रमाणे स्पर्श न होता लॉबीत गेलेले सगळेच बाद. प्रो कबड्डीत रुळलेल्या नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद. पंचांनी निर्णय पुन्हा पुन्हा फिरवला, दोन्ही संघ मैदानातच बसले, सामना तासभराच्या आसपास खोळंबला. शेवटी भारत 33-29 असा जिंकला आणि सुवर्णपदक आलं. आम्ही फटाके वाजवले, खोटं कशाला बोलू.

पण दुसऱ्या दिवशी मंडळात बसल्यावर आमच्यातल्या जुन्या पंचांनी विचारलं, "सामन्याआधी नियम कुठला ते दोन्ही संघांना वाचून दाखवलं होतं का?" सगळा तंटा त्या एका प्रश्नात होता. नियम चांगला की वाईट हे नंतर. आधी तो एकच असला पाहिजे, आणि दोघांना ठाऊक असला पाहिजे. तेव्हापासून आमच्या स्पर्धेत नाणेफेकीआधी सरपंच लॉबीचा नियम दोन्ही कर्णधारांना मोठ्याने सांगतो. सरपंच म्हणजे गावचा नव्हे, सामन्याचा. गावच्या सरपंचाला तेवढा वेळ नसतो.

कबड्डीत निदान वर कुणीतरी आहे. जिल्हा संघटना आहे, राज्य संघटना आहे, आशियाई संघटना आहे. त्या कशा चालतात हा वेगळ्या लेखाचा विषय, पण अर्ज द्यायला दार आहे. पोकरच्या खेळाडूला दारच नाही. ज्या घराने आपल्याकडून प्रवेशशुल्क घेतलं, त्यातून स्वतःचा वाटा कापला, त्याच घराचा नोकर निकाल देतो, आणि त्याच घराच्या नियमपत्रकावर तळाशी छापलेलं असतं की व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नियम लिहिते, पण तुमची तक्रार ऐकून निकाल फिरवणं हे तिचं काम नाही.

मग कोर्ट? भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल, त्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही. 1959 मध्ये घेरुलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा करार रद्दबातल असला तरी बेकायदा नाही. म्हणजे नुसता असा करार केला म्हणून गुन्हा नव्हे, पण बुडालात तर न्यायालय तुमच्यासाठी उभं राहणार नाही. पोकर ही पैज आहे की कौशल्य, यावरही न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये मात्र पोकर-रमीची परवानगी नुसत्या शंकेवरून नाकारता येणार नाही, पुन्हा विचार करा, असं सांगितलं. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने तर पोकर, रमी आणि ब्रिजला जुगाराच्या व्याख्येतूनच वगळलं आहे. तेच बावन्न पत्ते, सीमा ओलांडली की त्यांचा अर्थ बदलतो.

आपल्या महाराष्ट्राची कथा त्याहून न्यारी. 1976 साली विधिमंडळाने कॅसिनोंचं नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला, तो कधी अंमलातच आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला. जवळपास पन्नास वर्षं कायदा कपाटात. गोव्याने त्याच 1976 मध्ये स्वतःचा जुगारविरोधी कायदा केला आणि पुढे दुरुस्त्या करत 1996 पर्यंत नदीतल्या जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट करून दिली. 2020 पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. म्हणजे टेबलाभोवती बसतो तो बाहेरचा: आमच्यासारखा ठाण्याकडचा, बेळगावचा, हैदराबादचा, दिल्लीचा. गोव्याच्या आमदाराला आमचं मत लागत नाही, आमच्या आमदाराला गोव्यातलं काही विचारायचं नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आणि मोबाइलवरचा पोकर बंद झाला. भिवंडीच्या गल्लीगल्लीतली पोरं रात्री मागावर उभी राहून मोबाइलवर पैसे घालवत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या बंदीबद्दल मला हळहळ नाही. पण जे त्यात मुरलेले होते, त्यांतले काही आता प्रत्यक्ष टेबलांकडे वळताना दिसतात. मोबाइलवर चूक होण्याची जागा कमी होती. यंत्र चिप्स चुकीच्या मोजत नाही, पाळी नसताना पत्ते टाकू देत नाही. टेबलावर सगळं माणसाच्या हातात. तंटे वाढणार.

आणि सरकारला या टेबलाचं काही माहीत नाही असंही नाही. सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवर 40 टक्के जीएसटी आहे. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आहे. कर घेताना हा खेळ दिसतो. मग तक्रार ऐकताना तो का दिसू नये?

इथवर वाचून कुणाला वाटेल की नियम काटेकोर केले की झालं. नाही होत. पोकरमध्ये मोठा भाग शिष्टाचाराचा आहे, आणि नियमात बसवून केलेली लबाडी हा या खेळाचा जुना रोग आहे. चिप्स पुढे सरकवल्यासारखं करून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि हात मागे घ्यायचा. पुटपुटल्यासारखं 'कॉल' म्हणायचं आणि मग 'कोण म्हणालं?' विचारायचं. आपल्याकडे अजिंक्य पत्ते असताना, समोरचा आपले पत्ते उघडून वाट बघत असताना, उगाच सुस्कारे टाकत अर्धा मिनिट घालवायचं. शेवटच्याला नियमात फारशी शिक्षा नाही, कारण वेळ लावणं आणि छळणं यातली रेघ कुणी आखायची? ती टेबलच आखतं. एका हुशार पोराने असं केलं तेव्हा सगळं टेबल रात्रभर त्याच्याशी बोललं नाही. मला तो निकाल फ्लोअरच्या कुठल्याही निकालापेक्षा बरा वाटला.

गौरीच्या जागरणाला आमच्याकडे तीन पत्ती चालते, चिंचोक्यांवर. लहानपणी आमची आत्या पंच. पत्ते बघून झाल्यावर कुणी ब्लाइंडची निम्मी चाल लावू लागला की ती मान वर न करता म्हणायची, "उचललेस ना पत्ते? मंग दुप्पट दे." तिच्या निकालावर अपील नव्हतं, पण तिचा निकाल भाच्याला एक आणि जावयाला एक असा नसायचा. पोकरमध्ये 'तोंडातून गेलेला शब्द बांधतो' हे कलम मी वाचलं, तेव्हा मला तिचं 'उचललेस ना पत्ते?' आठवलं.

नियमावलीतली शिष्टाचाराच्या भंगाची यादी वाचायला मजा येते. दुसऱ्याच्या चिप्सना विनाकारण हात लावणं, सारखं पाळी सोडून खेळणं, डीलरचा हात पोचणार नाही एवढ्या दूर चिप्स टाकणं, अखंड बडबड, शिवीगाळ, आणि अंगाचा असह्य वास. शेवटचं कलम पॅरिसपासून पणजीपर्यंत सगळीकडे लागू व्हायला हरकत नाही. दोन-दोन दिवस चालणाऱ्या स्पर्धेत, बंद एसीत, त्याची गरज कळते.

भाषेचं कलम मात्र आमच्या पोरांना झोंबतं. डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीच बोलावी, किंवा त्या जागेने ठरवलेली भाषा. गोव्यात बहुधा हिंदी चालवून घेतात. एकदा वसईकडचे दोघे मित्र एकाच टेबलावर आले. एक विचारात पडला की दुसरा आगरीत पुटपुटायचा. डीलरने फ्लोअरला बोलावलं, फ्लोअरने ताकीद दिली, दोघांनी मराठीवर अन्यायाचा मुद्दा काढला. मी माझ्या मायबोलीसाठी कुठेही भांडेन, पण इथे फ्लोअर बरोबर होता. प्रत्येकाने आपला डाव एकट्याने खेळायचा, हे या खेळाचं मूळ आहे. समोरच्या तामिळ माणसाला न कळणाऱ्या भाषेतला सल्ला म्हणजे दोघांनी मिळून एकाला लुटणं. डाव संपल्यावर हवं तेवढं मराठी बोला.

शिष्टाचाराचा सगळ्यांत वाईट भंग कुणाशी होतो, तर डीलरशी. ज्या टेबलांवर मी बसलो तिथे पत्ते वाटणारी बरीचशी मुलं-मुली ईशान्येकडून किंवा नेपाळहून आलेली. रात्र-रात्र उभ्या-बसल्या वाटतात. माणूस हरला की पत्ते त्यांच्या अंगावर भिरकावतो, जणू शेवटचा पत्ता त्यांनीच निवडला. यावर नियम आहेत: आधी ताकीद, मग काही डाव टेबलाबाहेर, शेवटी बाद आणि चिप्स जप्त. पण नियम कुणावर चालतो? 2008 मध्ये लास व्हेगासच्या पोकर वर्ल्ड सिरीजमध्ये, तोवर अकरा अजिंक्यपदं जिंकलेल्या फिल हेल्मथने समोरच्या खेळाडूला भरपूर सुनावलं. फ्लोअरने एका फेरीची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आत स्पर्धेचे आयुक्त जेफ्री पोलॅक यांनी ती रद्द केली. ज्याला पाहायला लोक टीव्ही लावतात, त्याची शिक्षा माफ झाली. हे अमेरिकेत, कॅमेऱ्यासमोर. मांडवीवरच्या रात्रीबद्दल काय बोलायचं?

त्याच वर्ल्ड सिरीजने 2025 च्या उन्हाळ्यात मात्र वेगळं करून दाखवलं. मिलियनेअर मेकर नावाच्या स्पर्धेत शेवटचे दोघे उरले. त्यातल्या एकाला, जिंकला तर, दुसऱ्या एका कंपनीकडून दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळणार होतं. दुसऱ्याला ते नव्हतं. पुढचे डाव पाहून प्रेक्षकांना संशय आला की मोठी आघाडी असलेला माणूस मुद्दाम हरतो आहे. आयोजकांनी चौकशी केली, उरलेली बक्षिसाची रक्कम दोघांत वाटली आणि विजेतेपदाचं ब्रेसलेट कुणालाच दिलं नाही. निकाल जाहीर केला, चार लोकांना त्यावर वाद घालता आला. काहींना तो फार सौम्य वाटला, काहींना पुराव्याशिवाय दिलेला. वाद घालता आला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आमच्या बेळगावच्या गृहस्थांना कशाशी वाद घालायचा तेच कळलं नाही.

मला हवं ते फार नाही, खर्चाचंही नाही. नोंदणीच्या काउंटरवर, पैसे घेण्याआधी, कुठली नियमावली लागू आणि या घराने तिच्यात काय बदल केले आहेत, ते छापील द्यावं. फ्लोअरने चिप्स इकडच्या तिकडे करणारा निकाल दिला की एका पुस्तिकेत चार ओळी लिहाव्यात: टेबल, प्रसंग, कलम, सही. पहिलं कलम वापरून नेहमीचा नियम बाजूला ठेवला असेल, तर का ठेवला तेही. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याने मागितलं तर त्या टेबलाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने तो तपासावा, डाव थांबवून, पाच मिनिटांत. आणि त्या पुस्तिका वर्षातून एकदा परवाना देणाऱ्या खात्याने मागवून वाचाव्यात. नदीतल्या बोटींकडून शुल्क गोळा करणाऱ्या खात्याला एवढं वाचन जमावं.

याला मला मिळालेलं उत्तर एकच: खेळाचा वेग जाईल. एका रात्रीत असे निकाल होतात किती? बाकीचे सगळे, पाळी कुणाची, पत्ता उघडा पडला, एक मोठी चिप न बोलता टाकली तर ती कॉल धरायची की वाढवणं, हे डीलर टेबलावरच मिटवतो. न बोलता टाकलेली एकच मोठी चिप म्हणजे कॉल, हे तर आता शेंबडं पोरही सांगतं. लिहिण्यासारखे उरतात ते थोडे. जेवणाच्या सुट्टीत बुफेच्या रांगेत जातो त्याहून कमी वेळ त्याला लागेल.

मागच्या खेपेला मी नोंदणीच्या काउंटरवर नियमपत्रक मागितलं. तिथल्या मुलीने आधी आश्चर्याने बघितलं, मग आतून दोन पानं आणून दिली. चांगली, सुटसुटीत पानं होती. चिप्स दिसतील अशा ठेवण्याचं कलमही त्यात होतं. डीलरने चुकीचा आकडा सांगितला तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तिथेच पेनने प्रश्न लिहून पान परत दिलं आणि पावती फाडायच्या आधी उत्तर हवं म्हणालो. माझ्या मागे रांग वाढत होती. ती आत गेली, एका माणसाला घेऊन आली. तो म्हणाला, "सर, तशी वेळ आली तर आम्ही बघून घेऊ." मी पैसे खिशात ठेवले आणि त्या रात्री खेळलो नाही.